डाव्या कोपऱ्याचं भांडण अजून मिटलेलं नाही

भाऊजी, तुमच्या तेरवीला लोक खोटं बोलले. वाईट हेतूनं नव्हे. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना जीभ जरा गोड होते, तसंच. पण खोटं ते खोटं. पुरुषांची पंगत उठली, सुपारी फिरली आणि कबड्डी मंडळाचे अध्यक्ष सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले, "सुखदेवभाऊची एकच इच्छा राहून गेली. लोकेशले डाव्या कॉर्नरले उभा करा म्हने. आन् शेवटी त वैनीलेही पटलं होतं." मी बायकांच्या पंगतीत वरण वाढत होते. हातात बादली नसती तर तिथंच सुनावलं असतं.

मला काहीएक पटलेलं नव्हतं. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या संध्याकाळीही नव्हतं आणि आज हे लिहितानाही नाही. माणूस गेला की त्याच्याशी चाललेलं भांडण आपोआप त्याच्या बाजूनं निकालात निघतं, असा कायदा मी तरी कुठं वाचलेला नाही. सगळे तुम्हाला श्रद्धांजली म्हणून तुमचं ऐकायला निघाले होते. मी म्हटलं, हयातभर ज्या दिराशी भांडले त्याच्याशी तो गेल्यावर गोड बोलायला लागले तर तोच मला ओळखणार नाही.

भांडण कशाचं, तर बाहेरचा माणूस ऐकून हसेल. आपल्या गावच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यावर कोण उभं राहणार, एवढंच. देवचंद तिथं इतकी वर्षं उभा आहे की गुडघ्याला पट्टी न बांधलेला देवचंद नव्या पोरांनी पाहिलेलाच नाही. आणि माझा लोकेश, तुमचा पुतण्या, एकोणीस वर्षांचा. देवचंद दमला की थोडा वेळ आत जायचा, एखादी दणकेबाज पकड करायचा, टाळ्या घ्यायचा आणि बाहेर येऊन बसायचा. तुमचं म्हणणं, त्याला पूर्ण सामना द्या, रोजची जागा द्या. माझं म्हणणं, नाही.

मी आई असून नाही म्हणते याचंच लोकांना नवल. पण मी स्वतः कोपऱ्यावर खेळलेली आहे. चिचगडला शाळेत असताना डावा कोपरा माझा होता, आणि तो काय असतो हे मला कुणी समालोचकानं सांगायची गरज नाही. चढाई करणारा येतो तेव्हा सगळं मैदान त्याच्याकडं बघतं. कोपऱ्यानं फक्त त्याच्या पायाकडं बघायचं. तो पाय पुढं येईपर्यंत थांबायचं. आधी झेपावलात तर तो उडी मारून निघून जातो आणि जाताना तुमच्या सोबतच्या दोघांनाही बाद करून जातो. थोड्या वेळासाठी आत गेलेल्या पोराला झेप घेऊन चालतं, कारण त्याच्यामागं देवचंद असतो. पूर्ण सामना दिला की त्याच्यामागं कुणी नसतं. लोकेशला थांबता येत नव्हतं, भाऊजी. घरात भात शिजेपर्यंत थांबत नाही तो, भांड्यावरचं झाकण काढून बघतो.

तुम्हाला हे सगळं माहीत होतं. तुम्ही म्हणायचात, "मंग बाहेर बसून थांबाले शिकन का तो?" आणि माझ्याकडं याचं उत्तर नव्हतं असं तुम्हाला वाटायचं. उत्तर होतं. हो, बाहेर बसूनच शिकतात. देवचंदचे पाय बघत बसायचं. मी तशीच शिकले.

आपल्या गावची रीत नसती तर आपलं भांडण घरातच राहिलं असतं. सामन्याच्या सकाळी चौकातल्या कडुनिंबाला दोन दोऱ्या बांधतात. वरच्या दोरीवर खेळणाऱ्या सात जणांच्या जर्स्या, खालच्या दोरीवर राखीवांच्या. गावातल्या कुणालाही वरची जर्सी उतरवायचा हक्क आहे, पण उतरवणाऱ्यानं त्या खेळाडूच्या तोंडावर कारण सांगायचं. ती परत वर जायची असेल तर दुसऱ्या कुणीतरी तिच्यासाठी बोलायचं. मग हात वर करून निकाल. कुणी बोललंच नाही तर जर्सी खाली. गावात सगळ्यांत म्हातारे बुधाजी आजा सांगतात की पूर्वी संघ कुणाच्या तरी ओसरीवर ठरायचा आणि मग वर्षभर अर्धं गाव अर्ध्या गावाशी बोलायचं नाही. म्हणून हे उघड्यावर आणलं. भांडायचं तर झाडाखाली, तोंडावर, आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून मंडईला, दिवाळीनंतरच्या जत्रेला, जायचं.

मी लग्न होऊन आले तेव्हा बायका त्या झाडाकडं फिरकत नसत. तुम्ही चौकातून यायचात आणि जेवता जेवता सांगायचात, आज याची उतरली, त्याची चढली. मी चुलीजवळून म्हणायची, चुकलंत, त्या पोराचा डावा पाय कच्चा आहे. दुसऱ्या दिवशी तो डाव्या पायावरच पकडला जायचा. एक दिवस तुम्ही ताट सरकवून म्हणालात, "चुलीजवळून कायले ओरडता, वैनी? चौकात या ना." तुमचे दादा छताकडं बघायला लागले. मी पुढच्या सामन्याला आले. पदर खोचला, एका चढाई करणाऱ्याची जर्सी उतरवली आणि त्याला सांगितलं की तू बोनस घ्यायला जातोस आणि परत यायचा रस्ता विसरतोस.

मला वाटलं होतं तुम्ही माझ्या बाजूनं बोलाल, आणलंत तर तुम्हीच. तुम्ही पुढं आलात आणि माझ्याविरुद्ध बोललात. असे बोललात की सगळे हात तुमच्या बाजूनं वर गेले आणि मी पडेल चेहऱ्यानं घरी आले. त्या दिवशी तुमचा मला भयंकर राग आला होता. आज सांगते, त्या दिवसाइतका मान मला सासरी कुणी दिला नाही. तुम्ही माझी बाजू घेतली असती तर लोक म्हणाले असते, दिरानं भावजयीचे लाड केले. तुम्ही मला हरवलंत, म्हणून मी तिथली झाले. त्यानंतर बायका यायला लागल्या. आता तर अंगणवाडीतल्या मदतनीसबाईही येऊन जर्सी उतरवतात आणि वर कारण सांगताना बोट नाचवतात.

या गोष्टीचा तुम्ही पुढं हत्यारासारखा वापर केलात, तेही विसरले नाही. "तुमाले त नवीच असताना चौकात उभं केलं मी. तवा कोनी म्हटलं का, थांबा म्हनून?" मी म्हणायची, मी नवी होते, कच्ची नव्हते. तुम्ही खांद्यावरचा दुपट्टा झटकून म्हणायचात, "पाहाले दोन्ही सारखेच दिसते." आणि हसायचात. तुमच्या त्या हसण्याची मला आता इतकी आठवण येते की भांडीही जोरात आदळते आहे.

मैदानावर तर तुमच्या हातात माइक. आपल्या गावचे सगळे सामने तुमच्याच आवाजात झाले. त्या माइकवरून तुम्ही सरळसरळ प्रचार करायचात. देवचंदनं चांगली पकड केली की तुम्ही म्हणायचात, देवचंदची पकड. आणि लगेच, "बाहेर बसलेला लोकेश पाहा, कसा मांडी ठोकून राहिला, जसा वाघ." मी बायकांमध्ये बसून बघायची, तर वाघ पेरू खात असायचा. घरी येऊन मी म्हटलं की समालोचकानं एकाची बाजू घेऊ नये, तर तुमचं ठरलेलं उत्तर, "मी समालोचक नाही, मी काका आहो, माइकवाला काका."

विमानांवरून तर आपण किती भांडलो. बिरसीच्या विमानतळावर विमान उडवायला शिकवतात, आणि ती लहान विमानं दिवसभर आपल्या शेतांवरून घिरट्या घालतात. यंदाच्या पावसाळ्यात रोवणी चालू होती. सगळे चिखलात वाकलेले. एक विमान डोक्यावरून गेलं आणि तुम्ही कंबर सरळ करून म्हणालात, "पाहा वैनी. लोकेशच्याच वयाचं पोरगं असन आतमंधी. एकटं उडवून राहिलं. त्याले कोनी म्हटलं का, बाहेर बसून मोठ्या मान्साचे हात पाहा?" मी म्हटलं, त्याच्या शेजारी गुरुजी बसलेला असतो. तुम्ही म्हणालात, एक दिवस गुरुजी उतरून जातो, मंग? मी म्हटलं, तो कधी उतरतो ते गुरुजी ठरवतो, खाली चिखलात उभा असलेला काका नाही. रोवणाऱ्या बायका हसून हसून बसल्या.

तुम्ही हार मानणारे नव्हतात. हातातली पऱ्ह्यांची, धानाच्या रोपांची, पेंडी मला दाखवलीत. "हे पऱ्हे आनखी ठेवले पाण्यात त जून होते. मंग लावा का नका लावू, फुटवेच येत नाही." मी माझ्या हातातली काडी दाखवली आणि म्हटलं, कोवळी लावली तर पहिल्याच पाण्यात आडवी होते. तुमचे दादा पलीकडच्या बांधीतून ओरडले की धान लावा, कबड्डी नंतर लावा. त्या दिवशी आपण दोघंही खरं बोलत होतो असं मला वाटतं. जून झालेल्या पऱ्ह्यांचंही खरं आणि आडव्या झालेल्यांचंही. प्रश्न एवढाच की आपलं पोर कुठल्या पेंडीतलं. ते तुम्हाला दिसत होतं तसं मला दिसत नव्हतं, आणि मला दिसत होतं ते तुम्हाला बघायचं नव्हतं.

दोन मंडयांना तुम्ही लोकेशची जर्सी वर टांगलीत आणि दोन्ही वेळेला मी उतरवली. दोन्ही वेळेला हात माझ्या बाजूनं वर गेले. लोकेश घरी येऊन जेवला नाही. मी ताट झाकून ठेवलं, तुम्ही त्याच्यासाठी सामोसे घेऊन आलात. मी म्हटलं, असे लाड केले तर तो कधीच थांबायला शिकणार नाही. तुम्ही म्हणालात, सामोसा खायला कायले थांबायचं.

आणि मग ती शेवटची संध्याकाळ. मी अंबाडीची भाजी निवडत होते. तुम्ही समोर बसून चहा पीत होतात. यंदा तरी जर्सी उतरवू नका, असं समजावणीच्या सुरात सांगत होतात. मी नेहमीचंच बोलले, तो लवकर झेपावतो. तुम्ही कप खाली ठेवलात आणि विचारलंत, "वैनी, एक सांगा. तुमी हे आई म्हनून बोलता का कॉर्नर म्हनून?"

मला झोंबलं. मी भाजी घेऊन तडक आत गेले. तुम्ही उठून गेलात. दुसऱ्या दिवशी सकाळी धान कापताना तुम्हाला घाम फुटला, तुम्ही बांधीच्या धुऱ्यावर बसलात आणि बसलात ते उठलाच नाहीत. तुम्हाला घरी आणलं तेव्हा दुपट्ट्याला धानाची कुसळं चिकटलेली होती. मी ती काढत बसले. दुसरं काय करावं ते सुचेना.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून घ्या. दोन्ही म्हणून बोलते. त्यात लाज कसली? पाय मुरगळून आलेल्या पोराचा घोटा मीच शेकते, आणि तो का मुरगळला हेही मलाच कळतं. तुम्ही काका म्हणून बोलता की माइकवाले म्हणून, हे मी तुम्हाला कधी विचारलं? तुम्हाला तो वाघ दिसायचा कारण तुम्ही त्याला खांद्यावर बसवून मंडई दाखवली होती. आपलं माणूस आहे म्हणून नजर कमी होते असं नाही आणि वाढते असंही नाही. फक्त दुखतं जास्त. एवढंच उत्तर आहे. त्या संध्याकाळी दिलं असतं तर तुम्ही लगेच दुसरा प्रश्न काढला असता, आणि मला तेच हवं होतं.

तेरवी झाली आणि त्याच आठवड्यात आपल्या गावची मंडई आली. देवरीकडचा संघ येणार होता. सकाळी मी चौकात गेले तर कडुनिंबाखाली खुर्ची, खुर्चीवर तुमचा फोटो, फोटोला झेंडूचा हार. वरच्या दोरीवर डाव्या टोकाला लोकेशची जर्सी. देवचंदची जर्सी खालच्या दोरीवर, आणि ती त्यानं स्वतःच तिथं टांगली होती. बायका डोळे पुसत होत्या. अध्यक्ष म्हणाले की आज कोणी कोणाची जर्सी उतरवणार नाही, आजचा संघ सुखदेवभाऊचा संघ. सगळे हो म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ज्या माणसानं जन्मभर या झाडाखाली भांडून एकेक जर्सी चढवली, त्याच्या फोटोसमोर भांडण बंद करून हे लोक त्याला मान देत होते. आणि माझ्या पोराला कोपरा मिळत होता तो काका मेला म्हणून. उद्या तो चुकला असता तर हेच लोक म्हणाले असते, जाऊ द्या, सुखदेवभाऊसाठी एक डाव खेळवला. तुमची इतक्या वर्षांची बाजू एका दिवसाची दया होऊन गेली असती. मी पुढं गेले आणि जर्सी उतरवली.

"वैनी, आज तरी राहू द्या," कुणीतरी म्हणालं. "फोटो त पाहा," दुसरं कुणी.

"फोटो पाहूनच उतरवली," मी म्हटलं. मग रीतीप्रमाणे लोकेशकडं वळले. त्यानं तुमच्यासाठी मुंडण केलं होतं, केस अजून नीट आले नव्हते, त्यामुळं आणखीच लहान दिसत होता. मला वाटलं, नको. तरी बोलले. म्हटलं, "तू लवकर झेपावतेस. पाय येऊ देत नाहीस. देवचंद थांबते तिथं तू थांबत नाहीस. आन् आज तुले ही जर्सी खेळानं भेटली नाही, काकाच्या फोटोनं भेटली. म्हनून उतरवली."

आता जर्सीसाठी कुणीतरी बोलायचं होतं. दर वर्षी या घडीला तुम्ही दुपट्टा खांद्यावर टाकून पुढं यायचात. सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. अध्यक्ष जमिनीकडं बघत होते. देवचंद गुडघ्याची पट्टी सारखी करत राहिला. एवढा वेळ डोळे पुसणाऱ्यांपैकी एकालाही या पोरात काय आहे ते सांगता येईना. त्यांनी जर्सी तुमच्यासाठी टांगली होती, त्याच्यासाठी नाही. बुधाजी आजांनी काठी आपटली. "कोनी बोलनार नसन त जर्सी खाली जाइल."

मी जिंकत होते, भाऊजी. समोर कुणी नसताना जिंकत होते. इतकं वाईट मला तुमच्या चितेपाशीही वाटलं नव्हतं. मीच ओरडले, "बोला ना कोनीतरी. एवढे दिवस त सगळे बोलून राहिले होते."

"मी बोलतो," लोकेश म्हणाला.

खेळाडूनं स्वतःसाठी बोललेलं या झाडाखाली कुणी ऐकलेलं नव्हतं. अध्यक्षांनी आजांकडं बघितलं. आजा म्हणाले, "रीतीत 'दुसरा' म्हटलं आहे. पन दुसरा उठून राहिला नाही त का करावं? बोल रे."

तो माझ्याकडं बघूनच बोलला. "आई, मी लौकर झेपावतो, खरं आहे. पन देवचंदकाका थांबते ते काऊन? त्याईच्या गुडघ्यानं झेप होत नाही म्हनून. त्याईले इचार पाहिजे त. थांबनं त्याईले वयानं शिकवलं. मले त्या वयालोक बसवशील का? चुकीन मी. आजच चुकीन, लिहून ठेव. पन बाहेर बसून मले फक्त त्याईचे पाय दिसते. येनाऱ्याचे पाय आतूनच दिसते." मग म्हणाला, "आन् काकाचं नाव मी घेऊन राहिलो नाही. फोटो घरी नेऊन ठेवा."

हे तुमचं बोलणं नव्हतं. विमान नव्हतं, पऱ्हे नव्हते. तुम्ही त्याला शिकवलेलं मी लगेच ओळखलं असतं. देवचंद मान हलवत म्हणाला, "पोरगं खोटं नाही बोलत. गुडघा साबूत असता त मीही झेपावलो असतो." हात वर गेले. यावेळी त्याच्या बाजूनं गेले, झाडाभोवती सगळीकडून. माझा हात खालीच होता. मी तुमचा फोटो उचलला आणि घरी आणून भिंतीला लावला.

सामना दुपारी झाला. माइक एका नव्या माणसाकडं होता. तो फक्त गुण सांगत होता. लोकेश पहिल्याच पकडीला लवकर गेला. चढाई करणारा त्याच्यावरून उडी मारून गेला आणि दोघांना घेऊन गेला. पुन्हा तेच. मध्यंतरापर्यंत आपले सगळे गडी बाद होऊन आपल्यावर लोण बसलेलं. लोक ओरडायला लागले, देवचंदले आत घ्या. माझ्या शेजारच्या बायका माझ्याकडं बघून म्हणाल्या, तुमचंच खरं निघालं. अध्यक्ष मैदानाच्या रेषेवरून माझ्याकडं बघायला लागले, मी मान हलवली की बदलायला मोकळे. देवचंद पट्टी आवळत उठला होता.

मी उठून रेषेपाशी गेले आणि अध्यक्षांना म्हटलं, "हात लावायचा नाही त्याला." ते म्हणाले, "वैनी, सकाळी तुमीच त उतरवून राहिल्या होत्या." मी म्हटलं, "उतरवली होती तेव्हा ऐकलं नाही. आता दिला आहे कोपरा, तर पूर्ण द्या. चुकला की काढायचा, हे राखीव ठेवणंच झालं, फक्त उन्हात." देवचंद खाली बसला. त्याला पटलं असावं, किंवा गुडघा दुखत असावा.

आपण हरलो, भाऊजी. थोडक्यात हरलो, पण हरलो. शेवटी त्यांच्या दोन चढाया रिकाम्या गेल्या आणि तिसरीला त्यांचा मोठा चढाईपटू आला, आता गुण घेतल्याशिवाय परत जाता येत नव्हतं. आणि लोकेश थांबला. तो खरंच थांबला. पाय पुढं येऊ दिला, मग घोटा धरला. जरासा उशीर झाला. तो गडी त्याला ओढत, फरफटवत रेषेला बोट लावून गेला. लोकेश मातीत तोंड घालून पडला होता. तुमच्या माइकवरून नवा माणूस नुसता गुण सांगून मोकळा झाला.

मी त्याच्यापाशी गेले. तोंडावरची माती पदरानं पुसली आणि म्हटलं, "उशीर केलास."

तो रडत होता आणि हसत होता. "लौकर केलं त लौकर म्हनतेस, थांबलो त उशीर म्हनतेस. तुले पटते त काय?"

मला काही पटत नाही, हे तुम्हाला सोडून कुणाला कळणार? घरी येताना तो माझ्याशी बोलत होता, त्या घोट्याबद्दलच, कुठं धरायला हवा होता ते. मी सांगत होते आणि तो वाद घालत होता. अंधार पडायच्या आत घरी पोचलो, तरी दारात उभं राहून तेच चाललं होतं. तुमचे दादा म्हणाले, "आता आत त या. सुखदेव गेला तरी या घरात तेच." आणि मग तेच रडायला लागले.

चार दिवसांनी शेजारच्या गावच्या मंडईचा सामना होता. सकाळी चौकात पुन्हा दोऱ्या बांधल्या. लोकेशची जर्सी वरच्या दोरीवर बघून अध्यक्ष पुढं आले आणि ती उतरवली. त्यांनी रीतीप्रमाणे तोंडावर कारण सांगितलं, त्याच्यामुळं लोण बसलं. बुधाजी आजांनी विचारलं, बोलणारं कोणी आहे का. लोकेश तोंड उघडणार तोच मी त्याचा दंड धरला, त्याला मागं केलं आणि दोरीखाली, तुम्ही उभे राहायचात तिथं जाऊन उभी राहिले. जे बोलायचं ते बोलले. शेवटची पकड आठवा म्हटलं, पाय येईपर्यंत थांबला होता की नाही ते सांगा. अर्ध्याहून थोडे जास्त हात वर गेले.

अध्यक्ष जर्सी परत टांगता टांगता हसले. "म्हनजे वैनी, आखरीत सुखदेवभाऊचं मानलंच म्हना तुमी."

"मानलं नाही," मी म्हटलं. "ते नाहीत म्हनून इथं उभी आहो. ते असते त मी पलीकडं असती."